कानावर लावलेलं इंजिन

माझा धाकटा भाऊ पूर्ण बसलेला मी कधी पाहिला नाही. खुर्चीत असला तरी अर्धाच असतो, उरलेला अर्धा उठायच्या तयारीत. लहानपणी आई म्हणायची, या पोराच्या पायाला भिंगरी आहे. तेच नाव त्याला चिकटलं. आता साठी उलटली, केस गेले, गुडघे कुरकुरू लागले, तरी घरात, बाजारात आणि विमानांच्या मैदानावर तो भिंगरीच आहे.

विमानं म्हणजे खेळण्यातली नव्हेत, आणि माणसं बसतात तीही नव्हेत. पंख पसरले की पलंगाएवढी होतात, हातातल्या रिमोटवर उडतात, आणि त्यांच्या नाकात दोन मुठी मावतील एवढं पेट्रोलचं इंजिन असतं. भिंगरीचं पोट शिवणयंत्रांच्या दुरुस्तीवर भरतं. पुढच्या दुकानात यंत्रं, मागच्या खोलीत ही इंजिनं. मागच्या खोलीला तो कारखाना म्हणतो, माझी भावजय पसारा म्हणते. रंगभूमी सोडून मी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा मला मिळालेली खोली नेमकी त्या पसाऱ्याच्या डोक्यावर होती. पहिल्या सकाळी इंजिन सुरू झालं तेव्हा मी पलंगावर ताठ उठून बसले, आणि माझ्या तोंडून तिसऱ्या अंकातली किंकाळी गेली. खालून भिंगरी ओरडला, "ताई, वन्स मोअर!"

तो करायचा काय, ते मला कळायला वर्ष लागलं. आणि कळलं ते माझ्या भाषेत. इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या वर-खाली होत असतो. तो वर येतो, पेट्रोलची वाफ दाबतो, आणि तेव्हा ठिणगी पडून ती पेटते. मला वाटायचं, दट्ट्या अगदी वर पोचला की ठिणगी पडत असणार. तसं नसतं. आग पसरायलाही क्षणाचा क्षण लागतो, म्हणून ठिणगी जरा आधी पडावी लागते. मी म्हटलं, "अरे, ही तर एंट्री झाली!" समोरच्याचं वाक्य संपल्यावर विंगेतून पाऊल टाकलं तर रंगमंचावर भोक पडतं. वाक्य अजून त्याच्या तोंडात असतानाच निघायचं, म्हणजे ते संपतं तेव्हा आपण बरोबर प्रकाशात असतो. फार आधी निघालो तर मात्र त्याच्या अंगावर जाऊन आदळतो.

"इंजिनाचंही तेच," भिंगरी म्हणाला. "ठिणगी उशिरा पडली तर इंजिन सुस्त. फार आधी पडली तर वर येणाऱ्या दट्ट्याच्या टाळक्यात बसते. मग पंखा उलटा फिरतो आणि फिरवणाऱ्याची बोटं फोडतो."

कारण ही इंजिनं हाताने सुरू करतात. पुढचा लाकडी पंखा बोटांनी झटक्यात फिरवायचा आणि हात मागे घ्यायचा. पंख्याच्या मागे आसावर एक छोटं लोहचुंबक असतं, आणि त्याच्यासमोर इंजिनाच्या अंगाला एक पट्टी. चुंबक पट्टीसमोरून गेलं की ठिणगी पडते. पट्टीच्या भोकांत थोडी ढिलाई ठेवलेली असते. ती केसभर इकडे सरकवली की ठिणगी आधी, केसभर तिकडे सरकवली की उशिरा. हल्लीच्या इंजिनांत सुरू करताना ठिणगी आपोआप उशिरा पाडणाऱ्या डब्या असतात म्हणे. पण आमच्या गावची मंडळी जुन्या धाटणीच्या इंजिनांवर जीव टाकणारी. त्यांत सुरू करतानाही ठिणगी तिथेच आणि भर वेगातही तिथेच. म्हणून ती पट्टी कुठे बसते याला फार महत्त्व.

इतर लोक ती माप घेऊन बसवतात. भिंगरी कानावर लावायचा. इंजिन लाकडी घोडीवर आवळायचं, सुरू करायचं, पट्टीचा स्क्रू अर्धवट ढिला ठेवायचा, आणि मागच्या बाजूने लांब दांड्याने पट्टी हळूहळू सरकवत ऐकायचं. दांडा भावजयीच्या कालथ्याचा होता. तिने तीन नवे कालथे आणले, तिन्ही मागच्या खोलीत गेले.

"वन्सं, मी काय भात उलथायला स्क्रूड्रायव्हर घेऊ?" ती मला विचारायची.

"घे. तो तुझ्या कालथ्याने इंजिन परततोय, तू त्याच्या स्क्रूड्रायव्हरने भात परत."

पण तो ऐकत उभा राहिला की आम्ही दोघी दारात गप्प व्हायचो. एरवी एका जागी न ठरणारा हा माणूस तेवढ्या वेळापुरता स्थिर. मान किंचित कलती, डोळे मिटलेले. इंजिनाचा आवाज आधी घोगरा असायचा, मग सरळ व्हायचा, मग त्याच्या कडेला एक बारीक, कोरडा, कुरकुरीत सूर उमटायचा. तो उमटला की भिंगरी म्हणायचा, "आली कडा," आणि स्क्रू आवळायचा. माप घेऊन पाहिलं तर दट्ट्या वर पोचायच्या अठ्ठावीस अंश आधी. दर वेळी. लांबलांबून लोक इंजिनं घेऊन यायचे. मैदानावर बोललं जायचं की भिंगरीने लावलेलं इंजिन चावत नाही.

त्याची लेक बाटल्यांच्या कारखान्यात मापं तपासते. बाटलीचं तोंड केसभर वाकडं असलं तरी ती बाजूला काढते. बापाने तिचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं. "ही ऐकत नाही, मोजते," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. थट्टेने, आणि थोडं अभिमानाने.

गेल्या वर्षी केव्हातरी घरातले आवाज बदलू लागले. भिंगरी मोठ्याने बोलू लागला. किटलीची शिट्टी वाजतेय आणि तो शेजारी उभा राहून म्हणतोय, "चहाचं पाणी अजून गरम होत नाही का?" भावजय म्हणाली, लक्ष नसतं यांचं. मीही तेच म्हटलं. लक्ष त्याचं कधीच नसायचं, तेव्हा त्यात नवल ते काय!

एका दुपारी लेक जिना चढून माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतलं. उजव्या हाताची बोटं डाव्या हातात धरलेली.

"आत्या, पंख्याने हातावर मारलं."

"तुझी झटका द्यायची पद्धतच कच्ची आहे, बाबा म्हणतात ते."

"पद्धत कच्ची नाही. बाबा बाजारात गेल्यावर मी मापलं. एकोणचाळीस."

"म्हणजे?"

"अठ्ठावीस हवेत. एकोणचाळीसला पंखा उलटा फिरतो. मी मग फळीवरची बाकीची दोन पण मापली. तीही तशीच." ती पलंगाच्या कडेला टेकली. "बाबांना ती कडा ऐकू येत नाही, आत्या. बारीक आवाज त्यांच्या कानातून गेलाय. त्यांना प्रत्येक इंजिन झोपलेलं वाटतं, म्हणून ते पट्टी सरकवत जातात, सरकवत जातात. कुरकुर त्यांच्या कानाला पोचेपर्यंत."

मला एकदम आमच्या नाटक कंपनीतल्या बाईसाहेब आठवल्या. नायिकेच्या भूमिका करायच्या. उतारवयात त्यांची नजर गेली, पण त्यांना ती गेल्याचं कळलं नाही. आरशात आपला चेहरा फिका दिसतो म्हणून त्या गालांवर लाली वाढवत राहिल्या. आमचा रंगभूषाकार मोठा गोड माणूस. त्याने डबी तीच ठेवली आणि आतली लाली हळूहळू फिकी करत नेली. बाईसाहेब दुप्पट लावायच्या आणि चेहरा निघायचा तेवढाच. निवृत्त होईपर्यंत त्यांना पत्ता लागला नाही.

ही गोष्ट मी लेकीला सांगितली. मला काय सुचवायचंय ते ऐकता ऐकताच तिच्या ध्यानात आलं.

"म्हणजे मी त्यांच्या मागून पट्टी फिरवून ठेवायची?"

"तुझ्या बापाचं सगळं आयुष्य त्या एका सुरावर आहे, बाळा. त्याला सांगणार कोण?"

"पण आत्या, लाली जास्त झाली तर कुणाची बोटं तुटत नाहीत."

"म्हणून तर तू आहेस."

तेव्हापासून घरात एक दुसरं नाटक सुरू झालं. भिंगरी इंजिन लावायचा, "आली कडा" म्हणायचा, आणि काहीतरी आणायला बाहेर पळायचा. त्याला दर अर्ध्या तासाने काहीतरी आणायचंच असायचं. तो गेला की लेक कपाटामागून आपलं सामान काढायची. प्लगच्या भोकातून डायलचा पाय दट्ट्यावर टेकवून तो नेमका कुठे वर पोचतो ते पाहायचं, आसावर अंशांची गोल तबकडी बसवायची, प्लग बाहेर इंजिनाच्या अंगाला टेकवून ठेवायचा, पंखा हळू फिरवायचा आणि ठिणगी उडते तिथला आकडा वाचायचा. मग पट्टी मागे. अठ्ठावीसवर स्क्रू बंद. मी खिडकीत राखणीला. तो कोपऱ्यावर दिसला की मी जुन्या नाटकातलं पद गुणगुणायला लागायचे. एकदा तो वर पाहून म्हणाला, "ताई, हल्ली तू फार आनंदात असतेस." मी पुढचं कडवं घेतलं.

इंजिनं चांगलीच जायची. लोक कौतुक करायचे. भिंगरी ते ऐकून फुलायचा आणि आणखी कामं घ्यायचा. पण स्वस्थता घरातून गेली. लेक बाटल्यांच्या कारखान्यातून धावत यायची. भावजयीला सगळं ठाऊक होतं, ती त्यातलं एकही अक्षर बोलायची नाही, फक्त भांडी जोरात ठेवायची. आणि भिंगरी दिवसेंदिवस जास्तच भिरभिरायचा. काहीतरी बिनसलंय हे त्याला जाणवत होतं, काय ते कळत नव्हतं. इंजिन लावून झालं तरी परत जाऊन त्याच्याकडे बघायचा. जेवता जेवता उठायचा.

मग दातांचे डॉक्टर आपलं इंजिन फक्त साफ करायला घेऊन आले. भिंगरीनेच लावलेलं, दोन महिन्यांपूर्वीचं. त्याने घोडीवर चढवून सुरू केलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"डॉक्टर, पट्टीला हात लावलात?"

"मी? देवाशपथ नाही. उत्तम चालतंय की!"

"हे उत्तम? हे झोपलंय. मी असं लावून दिलंच नव्हतं."

डॉक्टर गेल्यावर तो खोलीत नुसता येरझारा घालत राहिला. त्याने ते इंजिन पुन्हा आपल्या कानाने लावलं. आणि या वेळी शिवणयंत्राच्या सुईने पट्टीवरून खाली इंजिनाच्या अंगापर्यंत एक सरळ ओरखडा काढला. पट्टी हलली तर ओरखडा तुटणार. आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी खालून असा आवाज आला की मी अर्ध्या वेणीनिशी धावले. भिंगरी खोलीच्या मध्यात उभा, हातात भिंग.

"चोर! घरात चोर आहे!"

"काय गेलं?" भावजय पिठाच्या हाताने आली.

"काही गेलं नाही. डॉक्टरांच्या इंजिनाची पट्टी हललीय!" तो तिच्याकडेच वळला. "तू केलंस. कालथ्याचा सूड!"

"मी? मला त्यातलं वर कोणतं आणि खाली कोणतं हेही कळत नाही, आणि मी पट्टी हलवणार? हलवायचीच असती तर अख्खं इंजिन नाही का रस्त्यावर हलवलं असतं!"

"मग ताई. ताई, तू खिडकीत बसून गात असतेस. कशाला गात असतेस?"

जन्मभर मी हजार माणसांसमोर खोटं बोलत आले, त्या क्षणी नुसती अर्धी वेणी चाचपत राहिले. लेक दारात उभी होती.

"मी हलवली, बाबा."

"तू?"

"ही आणि बाकीची पण. गेले सहा-सात महिने. तुम्ही लावता ती एकोणचाळीस-चाळीसवर बसतात."

तो हसला. खरंच हसला. "मोजपट्टी! तुझी ती तबकडी कुठेतरी मार खाल्लेली असेल."

"मग तुम्ही मोजा. तुमच्या हाताने."

तो लगेच सरसावला. डॉक्टरांचं तेच इंजिन सुरू केलं, दांडा घेतला, डोळे मिटले. आम्ही तिघी भिंतीला टेकून. इंजिन घोगरं झालं, सरळ झालं. मग ती कडा आली. मलाही आली, भावजयीलाही आली, मी तिचा चेहरा पाहिला. भिंगरी दांडा ढकलतच राहिला. सूर फाटला, इंजिन घोडीवर थरथरायला लागलं, फळीवरच्या बरण्या किणकिणायला लागल्या. तेव्हा कुठे तो म्हणाला, "आली कडा."

इंजिन बंद झाल्यावर त्याने स्वतः मोजलं. एकोणचाळीस. तबकडी काढून उलटी बसवली, पुन्हा मोजलं. डायल बाजूला ठेवून दट्ट्या अडवायची जुनी युक्ती करून मोजलं. मग तबकडी खिडकीजवळ नेऊन उजेडात बघितली.

"तुम्हाला कधी ऐकू आली?" त्याने विचारलं. आमच्यापैकी कुणाला विचारलं ते कळलं नाही.

"तुमच्या किती तरी आधी," भावजय म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ मी पूर्वी ऐकला नव्हता.

तो घरभर फिरू लागला. किल्ल्यांचा जुडगा कानाशी धरून हलवला. माझ्या कानाशी हलवला. "वाजतोय?"

"वाजतोय."

कात्री उघडली, मिटली. "ही?"

"हो."

किटली चढवली आणि शिट्टी वाजेपर्यंत शेजारी उभा राहिला. वाफ उडालेली दिसत होती, शिट्टी आमच्या कानाचे पडदे फाडत होती. "आता वाजतेय का?" त्याने विचारलं. भावजयीने मान हलवली आणि पदराने डोळे पुसत गॅस बंद केला. तो टपटपणाऱ्या नळाकडे गेला, भिंतीवरच्या घड्याळाकडे गेला, दाराच्या बिजागरीकडे गेला. आपल्या घरातून काय काय निघून गेलंय याची तो खोल्याखोल्यांतून पाहणी करत होता, आणि आम्ही त्याच्या मागे.

बिजागरीपाशी तो थांबला. वळून लेकीला म्हणाला, "सगळी फिरवलीस म्हणालीस. एकूण एक?"

लेक बिजागरीकडे बघू लागली.

"अगं विचारतोय मी!"

"एक सोडून. मी कामासाठी परगावी गेले होते त्या आठवड्यात तुम्ही एक लावून स्वतः पोचवून आलात. बेकरीवाल्या मावशींचं. मी त्यांना दोनदा फोन केला, म्हटलं इंजिन तपासायला द्या. त्या म्हणाल्या, तुझ्या बापाने लावलंय, त्याला काय तपासायचंय?"

बेकरीवाली म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाला जिची भट्टी आहे ती. नवरा गेल्यावर एकटीने ती भट्टी चालवते. पहाटे कणीक तिंबते, पाव तिच्या दोन हातांचे. रविवारी भट्टी बंद असते आणि ती विमान उडवायला मैदानावर जाते.

भिंगरीने घड्याळाकडे पाहिलं, आणि आज रविवार आहे हे आम्हा सगळ्यांना एकदमच आठवलं. लेकीने फोन लावला. वाजत राहिला.

"मैदानावर कोण फोन उचलतो!" भिंगरी दुकानाच्या गाडीकडे धावत सुटला होता.

आम्ही चौघं त्या गाडीत कसे मावलो देव जाणे. मागे शिवणयंत्रांची दोन टेबलं, त्यांच्यामध्ये मी, माझी वेणी अजून अर्धीच. भावजयीने पिठाचे हात तसेच मांडीवर धरलेले. गाडी लेक चालवत होती, आणि भिंगरी शेजारी बसून पायाने नसलेले ब्रेक आणि नसलेला ॲक्सिलरेटर दाबत होता.

"लवकर चालव."

"चालवतेय, बाबा."

"ती झटका जोरात देते. पूर्ण पंजाने. मीच शिकवलंय, घाबरायचं नाही म्हणून. तिला सांगितलंय, माझं इंजिन चावत नाही." तो खिडकीची काच खाली करायचा, वर करायचा. "तिला सांगितलंय मी."

फाटकापाशी गाडी नीट उभी राहायच्या आत तो उतरला. मैदानाच्या कडेला मंडळी होती, विमानं गवतावर मांडलेली. बेकरीवाली आपल्या पिवळ्या विमानापुढे गुडघे टेकून बसली होती. डॉक्टर शेपूट धरून मागे बसले होते. तिचा हात पंख्यावर होता.

भिंगरी ओरडला, "हात काढ!"

मी कंपनीत मोठमोठे आवाज ऐकले, पण असा नाही ऐकला. झाडावरची पाखरं उडाली. बेकरीवालीने हात काढला. तो पळत जाऊन विमानावर ओणवा झाला, बॅटरीचं बटण बंद केलं, आणि तसाच धापा टाकत राहिला.

"काय झालं, भिंगरी?" डॉक्टरांनी विचारलं. "आग लागली का कुठे?"

बेकरीवालीने उजव्या हातातला चामडी मोजा काढला. मधल्या बोटाचं नख काळंनिळं पडलं होतं.

"हे कधी?" भिंगरीने विचारलं.

"परवा, अंगणात. माझाच हात चुकला. डॉक्टरांनी आत्ता पुन्हा शिकवलं, मनगट कसं वळवायचं ते."

"मनगट कशाला वळवतेस? काल कणीक कशी मळलीस?"

"डाव्या हाताने," ती म्हणाली आणि हसायला लागली. "पाव थोडे वाकडे झाले. कुणाच्या लक्षात नाही आलं."

तेव्हा मला कळलं की या मैदानावर त्याची केवढी पत आहे. पंखा उलटा फिरून बोट फोडतो, आणि ही बाई, हे डॉक्टर, ही सगळी मंडळी बसून मनगट तपासतात! इंजिनाकडे कुणाची नजरही जात नाही.

भिंगरी उभा राहिला. सगळे जमले होते. तो गप्प राहिला असता तरी चाललं असतं, लेकीने बाजूला घेऊन पट्टी फिरवली असती आणि चार दिवसांत सगळे विसरले असते. मी त्याच्याकडे पाहत होते. विंगेतून निघावं की निघू नये अशा क्षणी नटाचं जे होतं ते त्याचं झालं होतं. एक पाय पुढे, एक मागे.

"तुझा हात चुकला नाही," तो म्हणाला. "पट्टी चुकीची बसवलीय. मी बसवलीय. मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत. आज सकाळी कळलं." मग डॉक्टरांकडे वळून, "तुमचं इंजिन चांगलं होतं, डॉक्टर. झोपलं नव्हतं. ते मी लावलेलं नव्हतंच, हिने लावलं होतं. या वर्षातली सगळी हिने लावलीत."

मग बेकरीवाली म्हणाली, "म्हणजे मला एकटीलाच अस्सल मिळालं तर!"

डॉक्टरांना हसू फुटलं, मग मागच्या कुणाला, मग सगळ्यांना. भिंगरी हसला नाही. पण खांदे जरा खाली आले.

लेकीने गवतावर चादर पसरून सामान मांडलं. टाकी काढून लांब ठेवली, प्लग काढला, डायल बसवला. त्याने पट्टी धरली, तिने पंखा फिरवला.

"किती?"

"एकोणचाळीस. मागे घ्या. अजून. अजून थोडी. बाबा, थांबा!"

"थांबलोय."

"अठ्ठावीस. आवळा."

त्याने आवळला. मग डॉक्टरांना उठवून तो स्वतः शेपटीपाशी बसला. बेकरीवालीने मोजा चढवला, पण डावा हात पुढे केला.

"उजव्याने दे," भिंगरी म्हणाला.

"भीती वाटते रे."

"मलाही वाटते. दे."

तिने उजव्याने झटका दिला. पंखा गरकन सुटला, पुढेच सुटला, आणि इंजिन सुरू झालं. घोगरं, मग सरळ, आणि मग त्याच्या कडेला तो बारीक, कोरडा सूर. आम्ही सगळे तो ऐकत होतो, आणि शेपटीपाशी बसलेला माझा भाऊ आमच्या चेहऱ्यांकडे बघत होता. एकेका चेहऱ्याकडे, आळीपाळीने.

"मेलेला आवाज आहे," तो आवाजावर आवाज चढवून लेकीला म्हणाला.

"नाही मेलेला!"

"मला तर मेलेलाच वाटतोय!"

"वाटू दे, बाबा!"

त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. स्क्रूड्रायव्हर तिथेच असतो. बोटं खिशाच्या तोंडाशी घुटमळली, आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. लेक ते पाहत होती. ती पुढे झाली नाही. त्याने स्क्रूड्रायव्हर काढला, क्षणभर मुठीत धरला, आणि तिच्या हातावर ठेवला.

मग त्याने शेपटी सोडली. पिवळं विमान गवतावरून धावत गेलं, उचललं गेलं, आणि बेकरीवाली काळ्या नखाच्या हाताने त्याला वळवू लागली. सगळ्यांच्या माना वर. भिंगरी मात्र तसाच गवतावर बसून होता, पूर्ण बसलेला. पण तेवढ्यापुरताच. विमान दुसऱ्या फेरीला यायच्या आत तो उठून गाडीकडे निघाला होता. जाता जाता लेकीला म्हणाला, "तबकडी घे. डॉक्टरांचं इंजिन घरी घोडीवर मी तसंच एकोणचाळीसवर सोडून आलोय. चल, लवकर चल."

"येते. आधी पाणी तरी पिऊ द्या."

"नंतर पी," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी थांबून राहिला. पाय हलत होते, पण थांबून राहिला.